चावी टेबलावर ठेवा, मग बोला

वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्या काकांची उत्तरं

ह्या वेळी गंमतच झाली. एरवी पत्रं येतात ती क्लच घसरतोय, एसी गार करत नाही, सेकंडहँड घेऊ का नको, असली. ह्या खेपेला निम्म्याच्या वर पत्रं गाडीची नाहीतच, गाडीवरनं झालेल्या भांडणांची आहेत. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं बॉनेटखाली डोकं घालून काढली, भांडणं मिटवायचं काय माझं शिक्षण नाही, पण गॅरेजच्या बाकड्यावर बसून गाड्यांवरनं तावातावानं बोलणारी माणसं जेवढी मी बघितलीत तेवढी क्वचितच कुणी बघितली असतील, त्या जोरावर लिहितो.

प्रश्न : काका, आमचा शाळेपासनंचा सात जणांचा ग्रुप आहे, व्हॉट्सॲपवर दिवसभर गाड्या आणि गाड्याच. मी दिवाळीत पाच स्टारवाली एसयूव्ही घेतली. एका दोस्तानं त्याच महिन्यात मायलेजवाली छोटी गाडी घेतली आणि फोटो टाकला. मी लिहिलं, "अभिनंदन भावा, पत्र्याचा डबा घेतलायस, आता विमा वाढवून घे." सगळे हसले, तो नाही हसला. मग त्यानं माझ्या गाडीच्या स्क्रीन हँग होण्यावरनं काढलं, मी त्याच्या पगारावरनं काढलं (ते चुकलंच), आणि तो ग्रुप सोडून गेला. आता रंकाळ्यावर दिसला तरी मान वळवतो. पण मी खोटं काय बोललो? स्टार म्हणजे स्टारच की. – राजारामपुरीतला एक वाचक

उत्तर : पगाराचं चुकलं हे तूच लिहिलंयस, त्यावर मी अजून बोलत नाही. आधी स्टारचंच बघू, कारण तिथं आपण पक्के आहोत असं तुला वाटतंय.

२०१४ साली ग्लोबल एनकॅपनं (गाड्या आपटून सुरक्षिततेचे स्टार देणारी संस्था) भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून बघितल्या, पाचही शून्य. त्यात फोक्सवॅगन पोलो पण होती, जिच्या दाराच्या "धप्प" आवाजावर अख्खी पोरं फिदा होती, दार लावून लावून दाखवायची. आता गंमत बघ, तीच पोलो दोन एअरबॅग लावून आपटली तर चार स्टार. म्हणजे सांगाडा दमदार होता पण बिनएअरबॅगचं मॉडेल घेणाऱ्याला त्याचा उपयोग कितीसा. तवा "पोलो सेफ आहे" म्हणणारा आणि "पोलो शून्य आहे" म्हणणारा दोघं एकमेकाला खोटं पाडत होते, आणि दोघांच्या हातात खरा रिपोर्ट होता, फक्त व्हेरियंट वेगळा.

पुढं डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच, आणि मग तर आपल्याकडं जातीपातीसारखंच झालं, हे स्टारवाले आणि ते मायलेजवाले. पण २०२२ च्या जुलैत त्या टेस्टचे नियमच कडक झाले, बाजूची धडक सगळ्याच गाड्यांना आली, ईएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) आलं, त्यामुळं आधीचे पाच आणि नंतरचे पाच हे एका तराजूत घालता येत नाहीत. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात नव्या मारुती डिझायरला पाच मिळाले, ज्या कंपनीला तुझ्यासारखी पोरं दहा वर्षं पत्रा म्हणून चिडवत होती तिला. त्या दिवशी किती जणांनी "आपण चुकलो" म्हणून लिहिलं? मी तरी नाही बघितलं. लगेच सूर आला की सस्पेन्शन मऊ आहे.

अजून एक. ती समोरची टेस्ट ताशी चौसष्ट किलोमीटरला होते, गाडीचा पुढचा चाळीस टक्के भाग दबणाऱ्या अडथळ्यावर आपटतात. ढोबळमानानं आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर झाल्यासारखं. त्यामुळं छोट्या गाडीचे पाच आणि अडीच टनी धुडाचे पाच हे सारखे नव्हेत, आणि दोन्ही ट्रकसमोर सारखेच बिचारे. आणि पत्रा जाड का पातळ ह्यावर काहीच ठरत नाही बाबा, बोटानं दाबून बघतोस तो बाहेरचा पत्रा असतो, जीव वाचवतो तो आतला सांगाडा, आणि पट्टा. पट्टा मागच्या सीटवरचा पण. तुझ्या पाच स्टार गाडीत मागं बसणारे लावतात का? खरं सांग.

आता तुझ्या मनाकडं येऊ. १९५७ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, तिथल्या संशोधकांनी नवीन गाडी घेतलेल्या लोकांना गाठून विचारलं की तुम्ही सध्या पेपरातल्या कुठल्या गाड्यांच्या जाहिराती वाचताय. तर लोक सगळ्यात जास्त वाचत होते ती घेतलेल्या गाडीची जाहिरात! गाडी दारात उभी, पैसे भरून झाले, तरी जाहिरात वाचायची. आणि जी गाडी घ्यावी का म्हणून मनात होती पण घेतली नाही, तिच्या जाहिराती त्या मानानं कमी. कारण साधं आहे, एवढे पैसे घातल्यावर आपण चुकलो नाही ना हा किडा डोक्यात वळवळत असतो आणि त्याला गप्प करायला आपण पुरावे गोळा करत बसतो. सात वर्षांचा हप्ता डोक्यावर असला की किडा अजून मोठा. तू मित्राच्या फोटोखाली जे लिहिलंस ते त्याला उद्देशून नव्हतंच, ते तू तुझ्या हप्त्याला सांगत होतास. आणि त्यानं स्क्रीनवरनं काढलं ते पण तसंच.

आपल्याकडं हे समजायला अभ्यास कशाला, शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघायला जा. पाटाकडील तालमीच्या माणसाला विचार फाऊल होता का, आणि मग तोच फाऊल दिलबहारवाल्याला विचार. दोघांनी बघितला एकच पाय. पण तिथं एक गोष्ट बरी असते, कोण कुठल्या तालमीचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळं कोण काय बोलतोय त्यात किती मीठ घालायचं ते ऐकणारा ठरवतो. गाड्यांच्या गप्पांत मात्र सगळे पंचाची शिट्टी गळ्यात घालून येतात. म्हणून मी गॅरेजात एक सवय लावली होती, वाद सुरू झाला की म्हणायचो, आधी आपापली चावी टेबलावर ठेवा. कुठली गाडी, किती पळवली, कुठल्या रस्त्यावर, कितीला घेतली, हप्ता चालू आहे का. मग बोला. निम्मं भांडण तिथंच थंड व्हायचं.

मित्राचं म्हणशील तर ग्रुपवर सॉरी टाकू नकोस, सातजणांसमोर अपमान केलास म्हणून सातजणांसमोरच माफी हा हिशोब बरोबर वाटतो खरा, पण ग्रुपवरचं सॉरी म्हणजे त्याखाली पाच अंगठे आणि दोन हसरे चेहरे, त्यात अजून लाज. घरी जा. त्याच्या गाडीची पूजा झाली असेल, पेढे माग. आणि त्याच्याच गाडीतनं जोतिबाला जाऊन या, तू शेजारी बस, गप्प. त्यानं ती गाडी का घेतली ते विचार, मला वाटतं ते तू अजून एकदाही विचारलेलं नाहीस. सुरक्षिततेची काळजी होती तर ती बुकिंगच्या आधी फोन करून सांगायची असते, "भावा दोन हजार कमी खा पण सहा एअरबॅगचं मॉडेल घे" असं. गाडी दारात आल्यावर सांगितलेली काळजी ही काळजी नसते.

प्रश्न : माझी जुनी स्विफ्ट डिझेल आहे, चुलतभावाची इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट. तो म्हणतो व्हिस्टाचं इंजिन दणकट, स्विफ्टचं खेळण्यातलं. मी म्हणतो त्याचं ट्रॅक्टर. जत्रेला सगळं खानदान जमतं तवा हाच विषय, आता आजी पण वैतागलीय. एकदाचं सांगून टाका कुठलं भारी. – कसबा बावडा

उत्तर : दोघंही बॉनेट उघडा आणि आजीला बोलवा. दोन्ही गाड्यांत एकच इंजिन आहे. फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट. मारुतीनं ते लायसन्सवर मानेसरला बनवलं आणि डीडीआयएस नाव दिलं, टाटाच्या गाडीत रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातनं आलं आणि क्वाड्राजेट झालं. ताकद पण दोन्हीकडं पंचाहत्तर हॉर्सपॉवरच. एवढ्या कंपन्यांनी एवढ्या गाड्यांत घातलं की लोक त्याला नॅशनल इंजिन म्हणायचे, २०२० च्या एप्रिलला बीएस सिक्स हे धुराचे कडक नियम आले आणि ते इंजिन गेलं. तुम्हाला जो फरक जाणवतो तो खोटा नाही, गिअरचं गुणोत्तर, गाडीचं वजन, आवाज अडवणारं अस्तर, ट्यूनिंग, ह्यानं चालवताना फरक पडतोच. पण इंजिन दणकट आणि खेळण्यातलं हे जे आहे ना, ते इंजिनात नाही, बिल्ल्यात आहे.

शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम करणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला विचारा. एकाच शेडमध्ये, एकाच भट्टीच्या रसातनं, एकमेकांच्या तोंडाकडं न बघणाऱ्या कंपन्यांचे कास्टिंग निघतात. तिथला माणूस ब्रँडवरनं भांडताना मी कधी बघितला नाही. (ओव्हरटाइमवरनं बघितलाय.)

प्रश्न : मी नोकरीनिमित्त आठवड्यातनं दोनदा कोल्हापूरहून करूळ घाटानं वैभववाडीला जाते, स्वतः चालवते, एएमटी गाडी आहे. आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपमध्ये लिहिलं की चढाला वळणावर गाडी मधेच वरचा गिअर टाकते, दम सोडते, आणि चढाला थांबून निघताना मागं येते. उत्तरं आली ती अशी, "गाडी नाही ताई, ड्रायव्हर", "मिस्टरांना एकदा चालवायला द्या". एका काकांनी लिहिलं, "चार वर्षं वापरतोय, कसलाही प्रॉब्लेम नाही." नंतर कळलं ते काका महाद्वार रोड ते शाहूपुरी एवढंच चालवतात. मी लिहिणंच बंद केलंय. – शाहूपुरीतल्या एक वाचक

उत्तर : ताई, तुम्ही जे लिहिलंत ते शंभर टक्के बरोबर आहे आणि ते कशामुळं होतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तोंडावर टाकता येईल. एएमटी म्हणजे काही वेगळी जादू नाही, आतली गिअरपेटी मॅन्युअलचीच, फक्त क्लच दाबायला आणि दांडा हलवायला माणसाऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक. आपल्याकडं २०१४ ला सेलेरिओबरोबर ती स्वस्तात आली. आता त्या कॉम्प्युटरला पुढचं वळण दिसत नाही. तुम्ही वळणासाठी पाय उचलला की त्याला वाटतं मॅडम निवांत झाल्या, टाकतो तिसरा. आणि वळणातनं बाहेर पडताना तुम्हाला हवा असतो दुसरा. म्हणून घाट लागला की मॅन्युअल मोडवर घ्या, दुसऱ्यात धरून ठेवा. उतरताना पण दुसराच, नुसत्या ब्रेकवर करूळ उतरलात तर ब्रेक तापून पकड सोडतात. चढाला थांबलात तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, क्लच जळतो, हँडब्रेक ओढा आणि हँडब्रेकवरनं निघा. बऱ्याच नव्या गाड्यांत हिल होल्ड (चढाला गाडी मागं न येऊ देणारी सोय) असतं, तुमच्यात नसावं.

त्या काकांचं. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच कसलाही प्रॉब्लेम आला नाही, कारण महाद्वार रोडला दुसरा गिअर पडतोच कधी. "मला आला नाही" ह्याचा अर्थ "तुला आला नाही" असा होत नाही एवढं जरी लोकांना कळलं तरी खूप. त्यांना शांतपणे विचारा, "काका, तुम्ही घाटात कुठल्या मोडवर चालवता?" बस, एवढंच, पुढं काही लिहू नका. आणि मिस्टरवाल्याला उत्तरच नको. तो गाडीबद्दल बोललेलाच नाही, मग गाडीच्या गप्पांत त्याला उत्तर कशाला. पण लिहिणं बंद करू नका, करूळला एएमटी कशी चालते हे त्या ग्रुपात तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

प्रश्न : काका, कोल्हापुरातली सगळ्यात भारी गाडी कुठली? वाद नको, एकच नाव. – अकरावीतला एक वाचक

उत्तर : दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटायला छत्रपतींची मेबॅक येते ती. ह्यावर पाटाकडील आणि दिलबहारचं पण एकमत आहे.

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातला, चार एकर ऊस आणि एक २०१२ ची पेट्रोल गाडी. गाड्यांचा नाद लहानपणापासनं. आमच्यात वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरनं रोज राडा. पोरं म्हणतात मायलेज निम्मं झालं, इंजिनं खलास. मी म्हटलं सगळ्या अफवा आहेत. तर एकजण म्हणाला, "तुझा ऊस आहे म्हणून बोलाल्यास." लई लागलं मनाला. ऊस असला म्हणून मी बोलायचंच नाही काय? – ऊसवाला

उत्तर : पावणं, बोलायचं की, का नाही बोलायचं. तो पोरगा एक गोष्ट बरोबर बोलला आणि तिथंच थांबला, ते चुकलं. तुमचा ऊस आहे, कारखान्याला इथेनॉलचे पैसे मिळाले तर तुमचं बिल वेळेवर यायची आशा असते, हे झाकायचं कशाला, पहिल्या वाक्यात सांगून टाका. पण एखाद्याचा फायदा आहे म्हणून त्याचं म्हणणं आपोआप खोटं ठरत नाही, ते तपासून खोटं पाडावं लागतं. तसा त्या पोरांचाही स्वार्थ आहेच की, हौसेनं घेतलेली गाडी आणि पेट्रोलचा भाव, त्या रागात पंपावरच्या पाण्यापासनं स्वतःच्या घासलेल्या प्लगपर्यंत सगळं इथेनॉलच्या नावावर खपतं.

आता तपासू. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या जागी वीस टक्के मिसळलं की लिटरमागं ऊर्जा कमी होते सहा-सात टक्के. आणि आपण शुद्ध पेट्रोलवरनं कुठं आलो, आधी दहा टक्के होतंच, तिथनं वीसवर येताना फरक तीन-चार टक्क्यांच्या आसपास. अठराचं ॲव्हरेज देणारी गाडी सव्वासतरा-साडेसतरावर आली तर ते ह्या हिशोबात बसतं. नऊवर आली तर इथेनॉल नव्हे, गॅरेज गाठा. म्हणजे "निम्मं झालं" हे खोटं, पण "सगळ्या अफवा आहेत" हे पण खोटं, ते तुमचं वाक्य आहे. आणि तुमची गाडी २०१२ ची, ती वीस टक्क्यांसाठी बनवलेली नाही, रबरी नळ्या, सील, पंप ह्यांच्याकडं लक्ष ठेवा, ह्यात ऊसवाल्याला वेगळी सवलत नाही. इथेनॉलचं ऑक्टेन (इंजिनात वेळेआधी न पेटण्याची ताकद) जास्त असतं हा गुण खरा, पण त्याचा फायदा घेईल असं इंजिन जुळवलेलं असेल तर, जुन्या गाडीला त्याचं काय.

एक करा. वही घ्या. टाकी फुल्ल, किलोमीटर लिहा, परत फुल्ल, भरलेलं लिटर लिहा, एकाच पंपावर, एकाच रस्त्यानं, निदान तीन वेळा. डॅशबोर्डवरचा आकडा नको, तो मनधरणी करतो. आणि कंपनीचा जो आकडा असतो तो पण मधी आणू नका, ती टेस्ट प्रयोगशाळेत रोलरवर होते, तिथं नृसिंहवाडीचा रस्ता नसतो, उसाच्या ट्रॉलीमागं पहिल्या गिअरवर रांगणं नसतं. वहीचं पान फोटो काढून ग्रुपवर टाका आणि वर लिहा, "ऊस चार एकर, गाडी २०१२ ची, हे आकडे." मग बघा कोण काय बोलतंय ते. आकडा तुमच्या उसाच्या विरोधात आला तरी टाकायचा, हां. तिथं पोटात कालवतं.

प्रश्न : काका, दर महिन्याला लोकांना शहाणपण शिकवता. तुमची चावी कुठाय? तुम्ही स्वतः काय चालवता ते आजवर कधी लिहिलं नाही. – मंगळवार पेठ

उत्तर : सापडलो.

दोन चाव्या आहेत. एक प्रीमियर पद्मिनी, आम्ही फियाटच म्हणतो, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा, रविवारी तासभर काढतो. तिच्याबद्दल मी काहीही चांगलं बोललो तर त्यावर विश्वास ठेवू नका, तिला एअरबॅग नाही, ब्रेक लावायचा तर आदल्या दिवशी अर्ज करावा लागतो, पण ती स्टार्ट झाल्याचा आवाज आला की मला शहाणपण राहत नाही. दुसरी रोजची, डिझेल. मी डिझेलचा माणूस. डिझेलच्या खालच्या आरपीएमच्या ओढीवर माझी आख्खी हयात गेली.

आणि ह्याच प्रेमापायी मी एकाला बुडवलंय. बीएस सिक्स येऊन वर्षभर झालं असेल, ओळखीचा एक दुकानदार विचारायला आला, कुठली घेऊ. मी विचारलं पण नाही की बाबा तू रोज पळवतोस किती. म्हटलं, डोळे झाकून डिझेल घे. त्याचं घर ते दुकान तीन किलोमीटर, त्यातले दोन ट्रॅफिकमध्ये. नव्या डिझेलला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, काजळी अडवणारी गाळणी, ती काजळी जाळायला सहाशे डिग्रीच्या घरातलं तापमान लागतं, आणि तेवढं तापायला गाडी हायवेवर एका वेगानं पळावी लागते. ह्याची गाडी तापायच्या आधीच दुकान यायचं. चार महिन्यांत दिवा लागला. मग पुन्हा लागला. सर्व्हिस सेंटरला फेऱ्या, बिलं, आणि दर पंधरा दिवसांनी बिचारा रविवारी सकाळी तावडे हॉटेलपासनं कागलपर्यंत जाऊन परत यायचा, काम काही नाही, नुसती काजळी जाळायला. मला म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलासा म्हणून घेतली." रागानं नाही म्हणाला, त्यामुळं जास्त लागलं. मी त्याच्या रस्त्यासाठी गाडी सांगितली नव्हती, माझ्या आवडीसाठी सांगितली होती, आणि तीस वर्षांचा अनुभव वर बसवून दिला होता.

गेल्या वर्षी त्यानं ती विकली आणि पेट्रोल घेतली. मला न विचारता. पेढे मात्र आणून दिले.